आखाजीचा टॉवेल

जॉर्ज मेसन शिकवताना प्रेमराज सरांना चेव चढायचा. शिरपूरच्या कॉलेजात राज्यशास्त्राला मुलं मोजकीच, पण त्या दिवशी मागच्या बाकावरचे मोबाइलसुद्धा खाली गेले. अमेरिकेची राज्यघटना तयार झाली, बडी मंडळी सह्या करायला सरसावली, आणि हा म्हातारा म्हणाला, मी सही करणार नाही. यात माणसाच्या हक्कांची हमी नाही, आणि गुलामांचा व्यापारही चालूच. "नाही म्हणायला छाती लागते," सर म्हणाले, आणि स्वतःचीच छाती जरा पुढे काढली.

"सर," सारिकाने विचारलं, "त्याच्याकडे स्वतःचे गुलाम होते?"

"होते. पुष्कळ होते."

"मग त्याने ते सोडले का?"

तेवढ्यात घंटा झाली. "आखाजीनंतर बघू," म्हणत सरांनी खडू ठेवला. सुटलो बुवा, असं त्यांना वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

कारण सारिका परकी नव्हती. तिचा बाप सुकलाल सरांच्याच शेतावर सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. ती पाळण्यात असताना तो सातपुड्याच्या पायथ्यावरून आला, तो राहिलाच. बायको तिकडे पावसाच्या भरवशावरचं रान एकटी ओढत होती. सारिकाचा प्रवेश सरांनी स्वतः खटपट करून मिळवला होता, आणि चारचौघांत ते तो किस्सा चवीने सांगत. मात्र गेल्या आखाजीला सुकलाल काम सोडून गावी परतायचं म्हणून "भाऊ, आते घर जास" म्हणाला, तेव्हा सर फक्त "पाहू" म्हणाले होते, हे ते कुणाला सांगत नसत.

साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. घरची रीत अशी, की त्या दिवशी मालकाने सालदाराच्या खांद्यावर नवा टॉवेल टाकला की पुढचं साल ठरलं. विचारायची पद्धत नव्हतीच.

आखाजीच्या सकाळी सरांना पुरणपोळी गोड लागेना. ते ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात नुसते येरझारा घालत होते. यंदा टॉवेल टाकायचा नाही, आधी विचारायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. इतक्यात सुकलाल आला. सोबत सारिका होती आणि तिच्या हातात बापाचं गाठोडं.

भिकुबाईने, सरांच्या आईने, टॉवेल लेकाच्या हातात कोंबला. "बठ्ठा गाव सालदार शोधी ऱ्हायना. आपला घरना शे, टाक!"

सुकलालने सवयीने खांदा पुढे केला. सरांनी तोंड उघडलं. विचारायचं होतं, खरंच होतं. पण डोळ्यांसमोर दुभत्या म्हशी आल्या, कपाशीची लागवड आली, आणि हात आपसूक उठला. टॉवेल खांद्यावर पडलासुद्धा.

सुकलालने टॉवेल उतरवला, नीट घडी घातली आणि खाटेवर ठेवला.

"नही, भाऊ. आवंदा नही."

नाही म्हणायला किती छाती लागते, हे सरांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग.

"मंग म्हशी कोन देखी?" ते ओरडले.

सारिकाने सरांकडे पाहिलं. तिला आता आखाजीनंतर काही विचारायचं उरलं नव्हतं. तिने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि बापाला पुढे चालायला वाट दिली.