‘कुठे’ हा रकाना

शिवकन्या पहिल्या बाळंतपणासाठी नांदेडहून चाकूरला आली, तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. तिची आई उमाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. घरात मी एकटाच, त्यामुळे तिला सासरीच राहू द्यावे असे जावई वीरेश यांचे म्हणणे होते. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे, हा आग्रह माझा होता. शेजारी हुसेनबी होत्या, लातूर पाऊण तासावर होते, आणि माझा स्वतःवर विश्वास होता.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच तपासणीत सांगितले, की काही वेगळे जाणवले तर लिहून ठेवा आणि फोन करा. लिहून ठेवणे मला नवीन नव्हते. तंत्रनिकेतनातून यंत्र शाखेची पदविका घेतल्यावर एकतीस वर्षे मी पाणीपुरवठ्याच्या पंपगृहात नोंदी ठेवल्या. मी एक वही आणली आणि पट्टीने पाच रकाने आखले : तारीख, वेळ, कुठे, किती वेळ, उपाय.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शिवकन्येची चाल बदलली. ती पाय फाकवून, सावकाश, एका हाताने भिंत धरून चालू लागली. बसताना बाजेच्या कडेला एका अंगावर टेकायची आणि लगेच उठायची. यंत्राची बदललेली चाल मला लांबून कळते. ही तर माझी मुलगी होती.

“काय होतंय गं?”

“काही न्हाई, आप्पा. कंबर भरून आलीय.”

मी ‘कुठे’च्या रकान्यात ‘कंबर’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी तिने पोट म्हटले, मी ‘पोट’ लिहिले. ती जे सांगत होती ते मी अक्षरशः उतरवत होतो. तिने सासूबाईंनाही फोन केला होता. त्यांनी, “सगळ्याच बायांना होतं तसं, लेकरू वजन धरत असतं,” असे म्हणून तिला धीर दिला.

हुसेनबी त्या आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी उदगीरला गेल्या होत्या.

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास शिवकन्येने स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरली, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने सोडली. मी घड्याळ पाहिले. पुन्हा तसेच झाले, तेव्हा पंचवीस मिनिटे झाली होती. मग पुन्हा पंचवीस. अकरा वाजून गेल्यावर वीस, वीस, वीस. तिच्या कपाळावर घाम होता, पण चाकूरच्या मे महिन्यात घाम कुणाच्या कपाळावर नसतो?

त्या आकड्यांनी मला घाबरवले नाही, उलट निश्चिंत केले. हे लिहिताना हात थांबतो, तरी लिहितो. पंप ठरलेल्या लयीत धडधडत असेल तर पंपचालकाने डबा उघडून जेवावे. लय मोडली की धावावे. एकतीस वर्षे मी हेच केले आणि नव्या माणसांना हेच शिकवले.

तरीही मी नियमाप्रमाणे दुपारी एक वाजता दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियेत होत्या. फोनवरच्या मुलीने काय त्रास आहे असे विचारले. मी वहीतून वाचून दाखवले : पोटात कळ, कंबर भरते, आज जेवण कमी. ती म्हणाली, ऊन फार आहे, पाणी भरपूर द्या, डाव्या कुशीवर झोपवा, थांबले नाही तर घेऊन या. मी जे वाचले त्यावर दुसरे उत्तर येणे कठीण होते. कळांमधले अंतर तिने विचारले नाही. मीही सांगितले नाही. जे नियमित आहे ते तक्रारीत कसे सांगायचे?

मी ‘उपाय’ या रकान्यात ‘पाणी, विश्रांती’ असे लिहिले.

पाच वाजता हुसेनबी उदगीरहून परतल्या. लग्नातली मिठाई द्यायला म्हणून त्या थेट आमच्याकडे आल्या.

“कुठं हाय माझी पोटुशी? बघू तर, गाल भरले का बापानं नुसतं वरण-भातावर ठेवलंय?”

शिवकन्या त्या वेळी चौकट धरून उभी होती. हुसेनबींनी मिठाईचा पुडा खाली ठेवला, तिला आतल्या खोलीत नेले आणि दार लोटले. दोन-तीन मिनिटांत त्या बाहेर आल्या.

“भाऊ, गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता.”

“कळ वीस मिनिटांनीच येते आहे, वाढलेली नाही. मी लिहून—”

“आग लागो त्या वहीला! पोट काय, कंबर काय घेऊन बसलात? तिला चार दिवसांपासून खाली दाब हाय. मांड्यांच्या मधी. लेकरू उतरतंय असं वाटून राहिलंय तिला, बसता येईना, लघवीला जाता येईना. आन् आज पाणीबी जाऊन राहिलंय थोडं थोडं.”

“मला ती काही बोलली नाही.”

“बापाला कोन सांगतं असलं?” हुसेनबी म्हणाल्या, आणि शिवकन्येची पिशवी भरायला आत गेल्या.

गाडीत शिवकन्येने त्यांच्या मांडीवर डोके ठेवले होते. मी पुढे बसलो होतो. आता कळा आठ मिनिटांवर आल्या होत्या. घड्याळाकडे पाहायचे नाही असे ठरवूनही मला ते कळत होते. एकदा ती मागून म्हणाली, “आप्पा, तुम्ही लिहीत होता म्हणून मला वाटलं, सगळं ठीक हाय.”

डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच आत घेतले. नंतर त्या बाहेर आल्या आणि माझ्या हातातली वही त्यांनी मागून घेतली. उभ्या उभ्या त्यांनी शनिवारचे पान वाचले.

“अकरापासून दर वीस मिनिटांनी? हे कोणी लिहिलं?”

“मी.”

त्यांनी पानावर बोट ठेवले. “एकतिसावा आठवडा आहे, काका. इतक्या लवकर खाली दाब आणि ठरावीक अंतराने कळ म्हणजे बाळंतपण सुरू होतंय. दुपारी आला असता तर थोपवायचा प्रयत्न करता आला असता. बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं देता आली असती. त्यांना वेळ लागतो.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी वही मिटून मला परत दिली.

मुलगी झाली. वजन बाराशे ग्रॅम. वीरेश नांदेडहून पोहोचले, तोवर तिला काचेच्या पेटीत ठेवले होते. मी तिला दोनदा पाहिले. तिच्या श्वासाला लय नव्हती. तो चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो थांबला. आमच्यात पुरतात. वीरेश यांनी तिच्या कपाळाला विभूती लावली आणि दोन्ही हातांवर घेऊन खड्ड्यात ठेवली. बोट टेकवायला कपाळावर पुरेशी जागाही नव्हती.

शिवकन्येला पुन्हा चाकूरलाच आणले. ती फारसे बोलत नव्हती. मीही ‘आता कसे वाटते’ हा प्रश्न विचारणे सोडले होते, कारण उत्तरात मला पुन्हा ‘कंबर’ मिळेल याची भीती होती.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात आली. दोन्ही हातांनी तिने पदर अंगापासून लांब धरला होता.

“आप्पा.”

“काय गं?”

ती भिंतीकडे पाहत होती. “दूध उतरलंय. छाती दगडावानी झालीय. कापडबी लागू देईना. लई दुखून राहिलंय, आप्पा.”

माझा हात सवयीने खिशातल्या पेनकडे गेला. तो मी मागे घेतला.

“दोन्हीकडे?” मी विचारले.

“हाव. डावीकडं जास्त.”

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून हेच शब्द, याच क्रमाने सांगितले. त्यांनी एक गोळी सांगितली आणि थंड ओल्या कापडाच्या घड्या ठेवायला सांगितल्या. हुसेनबी म्हणाल्या, “गोळी द्याच, पण मोगऱ्याच्या कळ्याबी आणा, भाऊ. छातीला बांधल्या की दूध आटतं. आमच्या अम्मीनं माझ्या वक्ताला बांधल्या होत्या.” त्यांचेही असे एक मूल गेले होते, हे तीस वर्षांच्या शेजारात मला त्या दिवशी कळले.

बसस्थानकाजवळ पंचफुला फुले घेऊन बसते. लग्नसराई असल्यामुळे तिच्यापुढे मोगऱ्याच्या ओवलेल्या गजऱ्यांचा ढीग होता आणि ती उरलेल्या थोड्या कळ्या ओवत होती.

“पाव किलो मोगरा दे. कळ्याच हव्यात.”

“या की आप्पा! पाव किलो? घरात कार्य निघालं वाटतं. का लेकीच्या लेकराचं बारसं?” ती हसत म्हणाली. “सांगा, तसं ओवून देते.”

बाजूला तीन-चार गिऱ्हाइके होती. त्यांतली दोन माणसे माझ्या ओळखीची होती. ‘पूजेसाठी’ असे म्हणून मोकळे होता आले असते.

“मूल गेलं,” मी म्हणालो. “लेकीच्या छातीत दूध दाटलंय. ते आटवायला हव्यात.”

पंचफुलाने हातातल्या गजऱ्याची गाठ सोडली, आणि ओवलेल्या कळ्या दोऱ्यातून एकेक काढून ओल्या फडक्यावर ठेवू लागली.

“दोरा नगं,” ती खाली मान घालून म्हणाली. “टोचंल तिला.”