उरलेला गुलाबी टाका

मित्रांनो, छापील नकाशे मिरवतात, मिरवू देत बापडे! मला सुईदोऱ्याने घडवलंय, तेही लग्नात आलेल्या पांढऱ्या पलंगपोसावर. वय म्हणाल तर सत्तरीला आलो. भोपाळच्या सोनागिरीत संपदाच्या घरी, तिच्या आजीच्या पलंगासमोर मी टांगलेला असतो. अंटार्क्टिकावर चहाचा डाग आहे, कडा विरल्या आहेत, पण रुबाब विचाराल तर तोच.

आजीचं नाव प्रतिभा. छप्पन्न साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर तिथले कारकूनही सामानसुमान घेऊन इकडे आले. आजीचे यजमान नरहर त्यांतलेच. टी. टी. नगरात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि वीस वर्षांची आजी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवू लागली. वर्गात मुली चाळीस आणि ॲटलास एक, तोही इंग्रजांच्या काळातला. मागच्या बाकावरच्या मुलींना आफ्रिका बोटाएवढी दिसायची. आजी वैतागली आणि तिने सरळ पलंगपोस काढला.

तिने एक नियम ठरवला. जिथे दुसऱ्याचं राज्य, तिथे गुलाबी धागा. मग तो दुसरा इंग्रज असो, फ्रेंच असो की पोर्तुगीज. मित्रांनो, मी किती गुलाबी होतो म्हणून सांगू! आजीने गुलाबी लड्या आणून आणून बाजारातल्या दुकानदाराला भंडावून सोडलं. घाना भरून पंधरा दिवस झाले नसतील, तोच रेडिओवर बातमी आली की घाना स्वतंत्र झाला. आजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग खो खो हसत सुटली, कात्री घेतली आणि सगळे गुलाबी टाके उसवून तिथे हिरवा धागा भरला. त्या दिवशी घरात शिरा झाला. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली: देश सुटला की उसवायचं, आणि उसवलं की शिरा.

साठ साल तर विचारूच नका! एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश सुटले. ऑगस्टात तर दिवसाआड एकेक. नरहर कचेरीतून आले की दारातूनच विचारायचे, "अगं, आज कोण सुटलं? म्हणजे शिरा आहे की पोळीभाजी मिळेल?" आजी म्हणायची, "बडबड नंतर करा हो, आधी हा काँगो धरा, केवढा मोठा आहे!" मग दोघं दोन टोकांना बसून मला उसवायचे. उसवताना मला अशा गुदगुल्या व्हायच्या की बस्स. शाळा तपासायला आलेले साहेब मला बघून म्हणाले, "बाई, जगातला हा एकच नकाशा असेल जो कधीच पूर्ण होत नाही." मी कितीतरी दिवस त्याच तोऱ्यात होतो.

एकदा मात्र आमची चांगलीच फजिती झाली. पासष्ट सालच्या नोव्हेंबरात रेडिओने सांगितलं, ऱ्होडेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. आजीने पुढचं काही ऐकलंच नाही. भराभर उसवलं, कढई चढवली आणि आजूबाजूच्या आठ घरांत शिरा वाटून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात सगळी बातमी आली. स्वातंत्र्य जाहीर केलं होतं ते तिथल्या मूठभर गोऱ्यांनी, राज्य आपल्याच हातात राहावं म्हणून! तिथल्या माणसांना कोणी विचारलंही नव्हतं. आजी भयंकर चिडली. तिने परत गुलाबी धागा ओवला. उसवलेली जागा पुन्हा गुलाबी झाली ती तेवढी एकदाच, आणि पुढे पंधरा वर्षं तशीच राहिली. शेजारी चिडवायचे, "वहिनी, खाल्लेला शिरा परत करायचा का?" आजीनेही हसून सोडून दिलं, पण त्या दिवसापासून ती बातमी शेवटपर्यंत ऐकू लागली.

पुढे आजीने मुदतीआधीच निवृत्ती घेतली, नरहर गेले. मी घडी होऊन एका ट्रंकेत पडलो. ती वर्षं, मित्रांनो, मला आठवावीशी वाटत नाहीत. अंधार, डांबरगोळ्यांचा वास आणि वर कोणाची तरी जुनी स्वेटरं. नामिबिया सुटला तो मला कळलाही नाही. संपदा कारखान्यात इंजिनिअर झाली, आजीला सोनागिरीला घेऊन आली आणि सामान लावताना मी तिच्या हाती लागलो. "आजी, हे तर ग़ज़ब आहे! आणि तू याला ट्रंकेत ठेवलंस?" असं म्हणून तिने मला ऊन दाखवलं आणि भिंतीवर लावलं. आजीने राहिलेली उसवण एका आठवड्यात उरकली.

चारदोन ठिकाणी गुलाबी अजून आहे. कुठे तिथल्या लोकांनीच राहू द्या म्हटलंय, कुठे भांडण मिटलेलं नाही. पण आजीचा जीव अडकला होता तो हिंदी महासागरातल्या एका टाक्यात, गाठीच्या एवढ्याशा टाक्यात. ती चागोस बेटं. मॉरिशसला स्वातंत्र्य देताना इंग्रजांनी ही बेटं आधीच तोडून स्वतःकडे ठेवली आणि तिथल्या माणसांना बोटींत घालून घालवून दिलं, कारण एका बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. "आईला सोडलं आणि लेकरू ठेवून घेतलं," असं आजी म्हणायची.

आता आजी एकोणनव्वद वर्षांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं की स्वच्छ दिसेल. आजी ऐकेल तर शपथ! "आता काय बघायचं राहिलंय मला? तो एक टाका उसवला की माझं काम संपलं." संपदा रागावली, रडली, अबोला धरून बसली. काही उपयोग झाला नाही.

आणि मेमध्ये बातमी आली. करारावर सह्या झाल्या, चागोस मॉरिशसला परत! संपदा उड्या मारतच घरात शिरली. "आजी, झालं! संडे को उसवायचं!" तिच्या कारखान्यात तेव्हा मॉरिशसहून विश्वनाथ नावाचे एक तंत्रज्ञ प्रशिक्षणाला आले होते. त्यांचे पणजोबा कोकणातून तिकडे गेलेले, त्यामुळे मराठी बोलायचे, जरा पुस्तकी पण गोड. रविवारी संपदाने त्यांना जेवायला बोलावलं.

मला भिंतीवरून काढून टेबलावर पसरलं. शिऱ्याचा वास सुटला होता. आजीला टाका दिसेना. ती बोटांनी चाचपत चाचपत महासागर ओलांडून त्या गाठीपर्यंत पोहोचली आणि तिने कात्री मागितली. संपदाने कात्री दिली खरी, पण विश्वनाथनी त्या गाठीवर बोट ठेवलं.

आजी थबकली. "काय हो, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला, आजीबाई. पण माझ्या सासूबाई त्याच बेटांवरच्या आहेत. तळाच्या बेटावरच्या नव्हे, लांबच्या एका लहान बेटावरच्या. बोटीत बसवलं तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. त्यांना विचाराल का?"

आजीने कात्री खाली ठेवली. "लावा फोन."

पडद्यावर फुलाफुलांच्या झग्यातल्या एक बाई आल्या. त्यांचं नाव सोलांज. विश्वनाथनी मला उचलून फोनसमोर धरलं आणि त्यांच्या क्रिओल बोलीत सगळं सांगितलं. त्या मोठ्याने हसल्या. एवढ्या लांबच्या म्हातारीने आपल्या बेटासाठी टाका घातलाय, याचं त्यांना भारी कौतुक वाटलं. मग आजीने विचारलं, "उसवू का?"

विश्वनाथ एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. "त्या म्हणतात, सह्या झाल्या, चांगलं झालं, आम्हीही नाचलो. पण तळ अजून शंभरेक वर्षं राहणार म्हणतात. आणि मी तर इथेच मॉरिशसला, पोर्ट लुईच्या भाड्याच्या खोलीत. बोट कधी सुटणार, कोणी सांगत नाही." सोलांजबाई पुढे वाकून आणखी काही बोलल्या. "त्या म्हणतात, ठेवा तो टाका. मी माझ्या अंगणात नारळाखाली झोपले, की उठल्याबरोबर तुम्हाला फोन करीन. मग उसवा."

"विचारा त्यांना, वय काय?"

"अडुसष्ट."

"आणि मी एकोणनव्वद. हिला बोट मिळेपर्यंत मी थांबू होय?"

विश्वनाथनी हे सांगितलं तशा पलीकडून सोलांजबाई टाळ्या वाजवून ओरडल्याच. "त्या म्हणतात, थांबायलाच हवं! मी शब्द दिलाय."

आजी हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसली. संपदाचं तोंड मात्र एवढंसं झालं. एवढ्या हौसेने केलेला बेत! ती हळूच म्हणाली, "मग शिऱ्याचं काय, आजी?"

"खायचा! सह्या झाल्यात ना? तेवढ्यापुरता वाढ सगळ्यांना." मग आजी म्हणाली, "आणि संपदे, तो डोळ्यांचा डॉक्टर उद्या असतो का गं?"

संपदाने तिला अशी मिठी मारली की शिऱ्याची वाटी माझ्या ऑस्ट्रेलियावर कलंडली. असू दे. त्या डागाचं मला काही वाटत नाही.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर आजी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अगंबाई! आफ्रिका एवढी वाकडी भरली होती मी? आणि कोणी बोललं नाही?" दुसऱ्या दिवसापासून ती चष्मा लावून माझ्या विरलेल्या कडा शिवत बसली. ती गाठही जुनी होऊन सुटायला आली होती. आजीने ती नव्या गुलाबी धाग्याने पक्की केली, कारण फोन येईपर्यंत ती टिकायला हवी.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कोणाच्या हातचं जुनं काही असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका आणि त्यातलं काय अजून राहिलंय ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि कधी सोनागिरीला आमच्याकडे आलात, फोन वाजला आणि पलीकडून एक बाई न कळणाऱ्या भाषेत भराभरा बोलू लागल्या, तर चुकीचा नंबर म्हणून ठेवून देऊ नका. आजी दुपारची झोपली असली तरी तिला उठवा.