रक्तमुळीचे पांघरूण

मित्रांनो, मी एक जुनी, मक्याच्या दाण्यांनी भरलेली पिशवी आहे. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या ऑर्लीनाबाईंनी मला भावाच्या फाटक्या पँटच्या पायापासून शिवले. बाईंना रानफुलांचे फोटो काढायचा नाद, आणि ती तर जमिनीलगत उगवतात. बाई मला ओल्या मातीत ठेवत, माझ्यावर कॅमेरा टेकवत आणि स्वतः पालथ्या पडत. मी असले की कॅमेरा हलत नसे. "या पिशवीत माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त दम आहे," असे त्या लोकांना सांगत, आणि मी फुगून जाई.

बाईंचे थोरले भाऊ डेल्मर कोळशाच्या खाणीत राबलेले. छातीत धूळ बसलेली. त्यांना अंगणापर्यंतही चालवत नसे. लहानपणापासून ते दर वसंतात वरच्या उतारावर रक्तमुळीचे पहिले फूल पाहायला जात. फूल पांढरे, पण देठ मोडला की तांबडा रस येतो. डॉक्टरांनी पुढच्या वसंताची आशा सोडायला सांगितले होते. यंदाचे फूल दादाला दाखवायचेच, असा बाईंनी चंग बांधला.

पहिल्याच दिवशी एक कळी सापडली, स्वतःच्या पानात गुंडाळलेली. फोटो नीटनेटका यावा म्हणून बाईंनी भोवतीचा पालापाचोळा वीतभर साफ केला आणि त्या जागी मला बसवले. पण रक्तमुळी उन्हाशिवाय उघडत नाही, आणि आभाळ हटेना. उद्या येऊ म्हणून बाई उठल्या. पाला तसाच बाजूला राहिला. रात्री कडक थंडी पडली. सकाळी कळी काळी पडून आडवी झाली होती. त्या गुन्ह्यात मीही होते, याची मला अजून लाज वाटते.

बाईंनी भावाला खरे ते सांगितले. ते धापा टाकत म्हणाले, "थंडीत पाहुणीचं पांघरूण ओढलंस आणि वर म्हणतेस, उठली का नाही?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "दुसरी शोधते."

"आणि तुझे गुडघे?"

"ते येतील मागून."

डोंगराच्या सावलीकडच्या अंगाला फुले उशिरा येतात. बाई चार दिवस ते अंग चढल्या. दोनदा घसरल्या, तळहात सोलवटले. पाचव्या दिवशी दोन कळ्या दिसल्या. या वेळी त्यांनी एक पानही हलवले नाही. मला दगडावर ठेवून त्या तीन तास पडून राहिल्या. दुपारी ऊन आले, पाकळ्या उघडल्या आणि फोटो निघाला.

फोटोत निम्मे फूल वाळक्या पानाआड गेले होते. "कचरा आलाय रे, दादा," घरी फोटो दाखवताना बाई ओशाळून म्हणाल्या.

डेल्मरनी फोटोतल्या त्या पानावर बोट ठेवले. "कचरा नाही, पोरी. हेच तर आपलं रान. तिथं जाऊन बसल्यासारखं वाटलं बघ."

जूनमध्ये ते गेले.

पुढे दोन वर्षे मी कोठारात पडून होते. उंदरांनी माझे दाणे पळवले. आता आपले संपले, असेच मला वाटले. तिसऱ्या वसंतात बाईंनी मला ठिगळ लावले, नवे दाणे भरले आणि काखेत मारून डोंगर चढू लागल्या. आता आम्ही दरवर्षी जातो.

मित्रांनो, फुलांचे फोटो जरूर काढा. पाला सारावाच लागला, तर उठण्याआधी तो परत पसरा. त्या दिवशी उघडी पडलेली कळी मी पाहत होते, पण मला जागेवरून सरकवायलाही माणूस लागतो. तुम्हाला हात आहेत.