खंड्यासाठी चारशे बारा सह्या

उमाबाईंनी अर्ज लिहिला की साहेबाची नाही म्हणायची बिशाद नाही, असं कॉलनीत सगळे म्हणायचे. तहसिलात तीस वर्षं कारकुनी केलेली बाई! निवृत्त झाल्या तरी कुणाचा नळ, कुणाची नाली, कुणाचा रस्त्यावरचा दिवा, सगळी गाऱ्हाणी त्यांच्याच ओट्यावर यायची. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते फार आवडायचं.

त्या सोमवारी सकाळी मात्र अर्ज चालला होता एका कुत्र्यासाठी. खंड्या कॉलनीचा कुत्रा. चार वर्षं गेटपाशी पडलेला असायचा, सगळ्यांच्या घरची पोळी खायचा. शनिवारी काय झालं कोण जाणे, त्यानं दूधवाल्या भुजंगच्या पोटरीला दात लावले. भुजंगनं सुई तर घेतलीच, वर पालिकेत तक्रारही दिली. आता गाडी येणार आणि खंड्याला उचलून नेणार. नेलेला कुत्रा परत येत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

"ऐका," उमाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "'सदर श्वान स्वभावाने अत्यंत शांत असून भुजंग यांनी लाथ मारल्यानेच सदर प्रकार घडला.' मारली होती ना हो लाथ?"

"मी कुठं होतो तिथं?" गिरिधरराव पेपराआडून म्हणाले.

"मारलीच असणार. 'याव्यतिरिक्त त्याने आजवर कुणालाही चावा घेतलेला नाही.' कसं वाटतं?"

गिरिधरराव काही बोलायच्या आत मागच्या दारी साळूबाई किंचाळली.

साळूबाई नऊ वर्षांपासून त्यांच्याकडं धुणीभांडी करत होती. शिळी पोळी टाकायला गेली, तर खंड्यानं पोळी सोडून तिचा हातच धरला. उमाबाई धावल्या तेव्हा त्यांना दिसला तो मनगटात रुतलेला जबडा. काठी उगारली तेव्हा कुठं त्यानं हात सोडला. रक्ताची धार लागली होती. उमाबाईंनी तिला नळाखाली बसवलं, हात धुतला, हळद भरली, आपल्या जुन्या सुती साडीची पट्टी फाडून बांधली. हे सगळं त्यांनी केलं, अगदी मनापासून केलं.

"दवाखान्यात जाऊन येते बाई," साळूबाई कण्हत म्हणाली. "सुई घ्यावी लागंल."

उमाबाईंची नजर आधी ओट्यावरच्या कागदाकडं गेली, मग तिच्या हाताकडं.

"अगं, तिथं रजिस्टरला नोंद होते. कुत्रा कुठला, कुणाचा, सगळं लिहून घेतात. मंग संपलंच ना खंड्याचं! आपलाच कुत्रा आहे, लेकरासारखा. हळद भरलीय, होईल बरं."

"पन बाई, कुत्र्याचं इख लई वंगाळ म्हन्तेत."

"लोक काहीही म्हणतात. आणि हे बघ, तुझी पाचही घरं याच कॉलनीतली. तुझ्यामुळं खंड्या गेला तर उद्या कुणाचं मन तुझ्याशी बराबर राहील का? मी तुझ्या भल्याचंच सांगते."

ही धमकी नव्हती हो! प्रेमानं समजावलं, असं त्या कुणालाही सांगतील. केसानं गळा कापणं म्हणतात ते असंच गोड बोलून होतं. आणि आपण सगळेच त्यात पटाईत. 'आमची बाई अगदी घरच्यासारखी' असं म्हणतो ना आपण? घरच्या माणसाला दवाखान्यात जाऊ नको, असं सांगितलंय का कधी?

उमाबाईंनी अर्ज पुढं केला. "तूही सही कर. भांडीवालीचीसुद्धा सही आहे म्हटल्यावर वजन पडतं."

साळूबाईला लेकीनं, शालूनं, नाव गिरवायला शिकवलं होतं. उजवा हात पट्टीत होता. तिनं डाव्या हातानं कसंबसं लिहिलं.

मग काय विचारता! पुण्याहून अपूर्वनं, उमाबाईंच्या मुलानं, खंड्याचा फोटो फोनवरून सगळीकडं पाठवला. कॉलनीतल्या बाया दारोदार हिंडल्या. तीन दिवसांत चारशे बारा सह्या झाल्या. शुक्रवारी पालिकेचा माणूस आला, त्यानं अर्ज वाचला आणि म्हणाला, "एवढे लोक म्हणत असतील तर राहू द्या. पण दहा दिवस बांधून ठेवा, लक्ष ठेवा." साळूबाई तेव्हा हाकेच्या अंतरावर भांडी घासत होती, पट्टीवर पदर ओढून. उमाबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी साहेबांना चहा दिला.

खंड्याला बांधलं कुणीच नाही. उलट रविवारी त्याच्या गळ्यात हार घातला, लेकरांनी पेढे आणले. खंड्यानं पेढ्याला तोंड लावलं नाही. खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती.

"लाजतोय मेला!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

उमाबाईंनी हातानं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. सकाळीच त्यांचं बोट विळीवर कापलं होतं, त्याला लाळ लागली. त्यांनी ती पदराला पुसली.

सोमवारी सकाळी खंड्या गेटपाशी मरून पडला होता.

"उमा," गिरिधररावांचा चेहरा उतरला. "तुझं बोट!"

उमाबाईंनी चहासुद्धा घेतला नाही. रिक्षा केली आणि सरळ सरकारी दवाखाना गाठला. वाटेत त्यांच्या मनात काय काय आलं! अपूर्वचं लग्न व्हायचंय, यांना साधा भात लावता येत नाही. साळूबाई? नाही आली आठवण. लिहितानाही लाज वाटते, पण नाही आली. तसं तिनं 'हसनाबादला भावाकडं जाते' म्हणून त्या दिवशी सुटी घेतलीच होती.

सुईच्या खोलीबाहेर बाकावर साळूबाई बसली होती.

"तू... तू इथं?"

"तिसरी सुई हाय बाई आज." साळूबाई उठून उभी राहिली. नऊ वर्षांची सवय, मालकीण समोर आली की उठायचं. "पयली त्याच दिशी घेतली. शालूनं वढीत आनलं. म्हन्ली, आई, बाईचा अर्ज गेला उडत, तू आदी जित्ती ऱ्हा."

उमाबाईंनी तिचा हात धरला. "सुटले गं बाई! देवानंच वाचवलं."

"कागदावर हसनाबादच्या स्टँडवरचं कुत्रं लिवाया लावलं म्या. तुमाला कळलं तर काम जाईल म्हून." मग तिनं विचारलं, "तुमाला बी चावलं का बाई?"

"नाही गं. खंड्या मेला आज. या कापलेल्या बोटाला त्याची लाळ लागली होती, एवढंच. तशीच रिक्षा करून आले."

साळूबाई त्या बोटाकडं बघत राहिली. हळूच तिनं आपला हात सोडवून घेतला.

"लाळ लागली तर रिक्षा करून आलात. बराबर हाय, यायलाच पायजे." तिनं आपलं मनगट पुढं केलं. "आन् मला हळद."

उमाबाई खिडकीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"नाव?" खिडकीतून परिचारिकेनं विचारलं. "कुत्रा कुणाचा?"

"आमच्या कॉलनीचा," उमाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज एकदम चढला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "काल त्याला पेढे भरवणारी लेकरं आहेत कॉलनीत, त्यांनाही आणावं लागेल. आणि ही साळूबाई. तिला त्यानंच चावलंय, माझ्या डोळ्यांदेखत. इथं येऊ नको, असं मी सांगितलं तिला. पालिकेला खोटं लिहून दिलं, तेही मीच. एक कोरा कागद द्या मला."

परिचारिकेनं कागद दिला. उमाबाईंनी खिडकीच्या फळीवर टेकवून चार ओळी लिहिल्या. अक्षर वेडंवाकडं आलं. मग त्या साळूबाईकडं वळल्या.

"हे पालिकेला देते मी. खाली तुझी सही कर, म्हणजे पक्कं होईल."

"न्हाई बाई." साळूबाईनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "मागल्या बारीला तुमी म्हन्लात म्हून केली. ह्यो कागद तुमचा हाय, तुमच्या एकटीच्या नावानं जाऊ द्या. आन् उद्यापून म्या कामाला येत न्हाई."

आतून तिच्या नावाचा पुकारा झाला आणि ती सुई घ्यायला गेली. उमाबाईंनी कागदाखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.