उंबऱ्यात अडकलेली काहील

ईस्ट टाकर गावातलं अल्डन प्राउटीचं घर ज्यानं बांधलं, त्याला सीमा दिसली नव्हती म्हणतात. माझं मत वेगळं आहे. त्याला ती चांगली दिसली होती आणि त्याला खोडी काढायची होती. पुढची बैठकीची खोली अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये. मागचं स्वयंपाकघर कॅनडात. मधल्या उंबऱ्यावर पितळेची पट्टी ठोकलेली. अल्डनच्या बापाची गाय कॅनडात चरायची आणि अमेरिकेत दूध द्यायची, आणि दोन्ही सरकारं तिला नावानं ओळखायची. सूप कॅनडात शिजून अमेरिकेत येईस्तोवर निवायचं, ही त्या घराची जुनीच तक्रार.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे गावसभेच्या दिवशी, सकाळी सात वाजता अल्डन त्याच स्वयंपाकघरात अडकला.

झालं असं. मेपलचा रस झाडातून टपकायला लागला होता आणि अल्डनची रस आटवून पाक करायची काहील जुनी होऊन फुटली होती. नवी त्यानं क्वेबेकातल्या, म्हणजे सीमेपलीकडच्या, एका कारागिराकडून करून घेतली. सहा फूट लांब, पोलादाची, आरशासारखी लखलखीत. कारागिरानं ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात आणून ठेवली आणि तो गेला. इथवर सगळं कॅनडातल्या कॅनडात. अल्डनचा हिशोब सरळ होता. स्वयंपाकघरातून बैठकीत भांडं न्यायला कुणाची परवानगी लागते?

काहील कडेवर उभी करून त्यानं दारात घातली आणि मागून ढकलली. चुलीजवळची बाजू तापून फुगली होती, बैठकीकडची थंडीनं आकसली होती. बरोबर निम्म्यावर ती अशी बसली की दारात जन्मली असावी. वर वीतभर फट उरली. फटीतून अल्डनला बैठकीची खोली दिसत होती आणि बैठकीतून अल्डनचे डोळे आणि टक्कल.

"व्हर्ना, चार माणसं बोलाव," तो बायकोला म्हणाला. "तिकडून ओढली की येईल."

चार माणसांऐवजी एक आला. रुबेन ट्रेव्हिन्यो, सीमेवरचा अधिकारी. टेक्सासचा पोरगा, शेजारच्या गावात भाड्यानं राहायचा आणि मार्चमध्येही दोन टोप्या घालायचा. गावानं त्याला वाईट कधी म्हटलं नाही. आपलाही कधी म्हटलं नाही.

"मिस्टर प्राउटी, ओढलीत तर ती आयात होते," रुबेन म्हणाला. "परत ढकललीत तर निर्यात. आहे तशी राहू द्या."

"माझ्या घरात?"

"तुमच्याच घरात. पोलादावर जकात आहे."

"जकात काल कोर्टानं उडवली."

"वरच्या कोर्टानं आज पहाटे त्याला स्थगिती दिली. आत्ता रेडिओवर होतं. वाटल्यास जकात भरा आणि ओढून घ्या. काहिलीची निम्मी किंमत."

फटीतले डोळे बारीक झाले. "पैशाचं नाही रे बाळा. कर बसवायचा अधिकार कायदेमंडळाचा. राष्ट्राध्यक्षानं एकट्यानं तो बसवला आणि मी निमूट भरला, तर तो अधिकार त्याला मीच दिला असं होईल. मी नाही भरणार."

"मग मागच्या दारानं निघून पुढून ये," व्हर्ना म्हणाली.

रुबेननं मान हलवली. "मागच्या दाराबाहेर कॅनडा आहे, बाई. तिथून पुढच्या दारात यायचं तर चौकीवरून यावं लागेल. चौकी तीस मैलांवर."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघाभर बर्फ, आणि गाडी अमेरिकेत उभी. अल्डन स्टुलावर बसला. घड्याळात साडेसात झाले होते. दहाला गावसभा.

आता गावसभा म्हणजे काय, हे ईस्ट टाकरच्या माणसाला विचारावं. वर्षातून एकदा सगळं गाव शाळेच्या सभागृहात जमतं. रस्त्यापासून अग्निबंबापर्यंत सगळं तिथंच ठरतं आणि पहिला ठराव असतो सभापती निवडायचा. एकतीस वर्षं तो अल्डन होता. न चुकता, न आजारी पडता. त्याचं म्हणणं असं की सभापतीला स्वतःचं मत नसतं, फक्त नियम असतात. या एका खुर्चीपायी त्यानं सख्ख्या भावालाही एकदा खाली बसवलं होतं. तो भाऊ मरेपर्यंत नीट बोलला नाही. आज अल्डन दहाला तिथं नसला, तर खुर्ची लायमन स्टॅनर्डला जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"व्हर्ना," फटीतून आवाज आला. "तू सभेला जा. त्यांना सांग मी येतोय."

"कुठून येतोयस?"

"ते सांगू नकोस."

व्हर्ना गेली. रुबेन सोफ्यावर बसून कार्यालयाला फोन लावत राहिला. कार्यालय म्हणालं, थांबा. अल्डननं स्वयंपाकघराच्या फेऱ्या घातल्या. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. साठ वर्षं ती खोली त्याला ऐसपैस वाटत आली होती. खिडकीबाहेर कॅनडा पसरला होता, पार उत्तर ध्रुवापर्यंत, आणि त्यातला एक फूटभरही त्याच्या उपयोगाचा नव्हता.

सव्वादहाला बाहेर गाड्यांचा आवाज झाला आणि गाव आत शिरलं.

खरं सांगतो, पंचाऐंशी माणसं त्या बैठकीत मावली. हेस्टर कॉल्बीनं मोजली, आणि हेस्टर चाळीस वर्षं गावाची चिटणीस आहे. सोफ्याच्या हातांवर, जिन्यावर, पियानोवर. दोघं जण शेकोटीच्या कोनाड्यात. व्हर्नानं शाळेत उभं राहून एवढंच सांगितलं होतं की अल्डन अडकलाय आणि दुपारच्या जेवणाचे बीन्स आणि सगळ्या ॲपल-पाय तिच्याच घरी भट्टीत आहेत. सभा स्थलांतरित करण्याचा ठराव झटकन झाला.

"भट्टी कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"कॅनडात," व्हर्ना म्हणाली.

सभापतिपदाला दोन नावं आली, अल्डन आणि लायमन. हात वर झाले. हेस्टरनं मोजले. अल्डनला त्रेचाळीस, लायमनला बेचाळीस.

अल्डननं हातोडा शोधला. हातोडा शाळेतच राहिला होता. त्यानं सूप ढवळायचा डाव उचलला आणि काहिलीवर ठोकला. पोलाद असं घणघणलं की पियानोवरची माणसं खाली उतरली.

"सभा सुरू."

"सभापती महोदय, हरकतीचा मुद्दा," लायमन उठला. उंच, हाडाचा, लाकूड कापायची गिरणी बंद पडल्यापासून खांद्यात थोडा वाकलेला. शाळेत अल्डनच्या शेजारी बसायचा आणि तेव्हापासून त्याच्या विरोधात.

"बोला."

"आपण ज्या खुर्चीवर बसलात ती कॅनडात आहे. या गावच्या सभेचा सभापती परदेशात बसून सभा चालवू शकतो का?"

हरकतीवर निकाल कोण देणार? सभापती. म्हणजे अल्डनच्या खुर्चीचा निकाल अल्डनच देणार. लायमन गालात हसत होता, आणि का, ते अल्डनला कळलं. आदल्याच आठवड्यात अर्ध्या गावासमोर तो ओरडला होता की आपल्या अधिकाराची हद्द आपणच ठरवणारा राष्ट्राध्यक्ष नको.

त्यानं डाव खाली ठेवला.

"हरकत रास्त आहे," तो म्हणाला. "सभापती परदेशात आहे. सभापती हटला."

"सभापतीच्या निर्णयावर मी सभेकडे दाद मागते," हेस्टर ताडकन म्हणाली.

हाही नियमच. सभापतीच्या डोक्यावर सभा असते. मत झालं, आणि सभेनं सभापतीचा निर्णय फिरवला. चव्वेचाळीस विरुद्ध एक्केचाळीस. लायमनचं एक माणूस फुटलं होतं. ते कोण, यावर ईस्ट टाकरमध्ये अजून भांडणं होतात.

"बघितलंस?" अल्डन फटीतून म्हणाला. "माझा निर्णय मला पटला होता, तरी उलटवता आला. बस्स, एवढंच मला त्या राष्ट्राध्यक्षाबद्दल म्हणायचंय."

"सभापतीला मत नसतं," लायमन म्हणाला.

"नसतं. मागे घेतलं."

मग तो ठराव आला ज्याच्यासाठी सगळे नटूनथटून आले होते. जकात बसवायचा अधिकार कायदेमंडळानं परत स्वतःच्या हातात घ्यावा, अशी गावाची विनंती. चर्चेचं गुऱ्हाळ लागलं ते थांबेना.

"माझी गिरणी क्वेबेकच्या स्वस्त लाकडानं मेली," लायमन म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. "सोळा माणसं घरी बसली. मी कायदेमंडळाला वीस वर्षं पत्रं लिहिली. छापील उत्तरं आली, एकावर तर नाव दुसऱ्याचंच. मग एक माणूस उठला आणि त्यानं काहीतरी केलं. आणि तुम्ही म्हणता, त्याला बसवा."

"त्यानं केलेलं तुला आज आवडलं," हेस्टर म्हणाली. "उद्या दुसरा उठेल आणि तुला न आवडणारं करेल. तेव्हा कुणाकडे जाशील?"

"हेस्टर, तू मला त्या सोळा जणांची नावं सांग, मग उद्याचं सांग."

हेस्टरनं नावं सांगितली. सगळी सोळा. लायमन खाली बसला.

साधारण अकराच्या सुमारास रुबेनचा फोन वाजला होता. तो दाराबाहेर जाऊन बोलून आला आणि गर्दीत हात वर करून उभा राहिला. अल्डनला तो हात दिसला. हाताखालचा चेहराही दिसला, आणि चेहऱ्यावर काहीतरी तातडीचं होतं.

"सभापती महोदय, मला एक—"

"आपण गावचे मतदार आहात का?"

"नाही. मी शेजारच्या गावात..."

"मतदार नसलेल्याला सभेच्या परवानगीशिवाय बोलता येत नाही. परवानगीला दोनतृतीयांश मतं लागतात. सभेचं काय म्हणणं?"

नियम अचूक होता. एकतीस वर्षांत त्यानं गव्हर्नरच्या माणसालाही याच नियमानं गप्प बसवलं होतं. लायमनच्या बाजूला वाटलं की हा पोरगा अल्डनची बाजू घेणार. अल्डनच्या बाजूला वाटलं की सरकारचा माणूस गावाच्या सभेत कशाला. त्या दिवशी गाव फक्त एकदा एकमतानं वागलं. पंचाऐंशी विरुद्ध शून्य.

"परवानगी नाकारली," अल्डन म्हणाला आणि डाव ठोकला. "सभा संपल्यावर बोला."

रुबेन हात खाली घेईना. अल्डननं डावानं खूण केली, तेव्हा घेतला.

ठराव दुपारी सव्वाबाराला मंजूर झाला, लायमनच्या एका दुरुस्तीसह. 'कायदेमंडळानं अधिकार परत घ्यावा' याच्यापुढे 'आणि जागं व्हावं' असं जोडलं. लायमननंही हात वर केला. मग रस्ते, अग्निबंब, कुत्र्यांचा परवाना. मधल्या सुट्टीत व्हर्नानं फटीला तोंड लावलं.

"सभापती महोदय, बीन्स जळतायत."

अल्डननं भट्टी उघडली. बीन्सचं भांडं फटीतून जाईना. त्यानं ते पळीनं वाढलं, पळी पळी, पंचाऐंशी ताटांत. ॲपल-पाय तिरक्या धरून सरकवाव्या लागल्या. रुबेन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे त्याला काही दिसू नये. अन्न म्हटलं तरी आयातच.

तीनला शेवटचा ठराव संपला. "इतर विषय," अल्डन म्हणाला. कुणी हललं नाही. त्यानं सभा बरखास्त केली, आणि मग त्याला तो हात आठवला.

"पोरा, काय म्हणत होतास?"

रुबेननं टोपी काढली. आतली दुसरी तशीच राहिली. "अकराला कार्यालयाचा फोन आला होता. वरच्या कोर्टानं स्थगिती उठवली. बारा वाजेपर्यंत तुम्हाला काहील बिनजकात ओढून घेता येत होती."

"आणि बारानंतर?"

"बारापासून राष्ट्राध्यक्षांचं नवं फर्मान. दुसऱ्या कायद्याखाली. जकात तीच."

बैठकीतले लोक कोट घालत होते. एकेक जण थांबला. खोलीत ओढायला सकाळी चार माणसं हवी होती. अकराला तिथं पंचाऐंशी होती.

"मी हात वर केला होता," रुबेन हळू म्हणाला.

"केला होतास." अल्डनचा आवाज काहिलीमागून आला. "नियमाप्रमाणे वर केलास. नियमाप्रमाणे खाली घेतलास. तुझी काही चूक नाही."

लायमन दारात आला. काहिलीच्या काठावर त्यानं हात ठेवला. "भरून टाक ना, म्हाताऱ्या. मी आणि पोरं पाच मिनिटांत ओढतो. कोण विचारतंय?"

"मीच विचारतोय."

"एवढा हट्ट कशासाठी?"

"दुपारी ठराव केला ना आपण? तू पण हात वर केलास. शाई वाळायच्या आत मीच जकात भरली, तर तो कागद कशाला लिहिला?"

लायमननं काठावरचा हात काढला. थोड्या वेळानं तोही गेला, पण निघताना अंगणातल्या मेपलला लावलेली भरलेली बादली पिंपात रिकामी करून परत टांगून गेला. टप टप आवाज पुन्हा सुरू झाला, रिकाम्या बादलीत जास्त मोठा. स्वयंपाकघरात तो स्पष्ट ऐकू येत होता. अंगण अमेरिकेत होतं.

व्हर्ना स्टूल ओढून काहिलीच्या या बाजूला बसली.

"कोर्ट आता कधी बसतंय?"

"उद्या. नाहीतर परवा," अल्डन फटीतून म्हणाला.

तिनं वर जाऊन त्याची उशी आणली आणि फटीतून कोंबली. अर्धी गेली आणि अडकली. रुबेन अजून तिथंच होता. त्यानं उशीकडे पाहिलं, मग स्वतःच्या फोनकडे, मग कार्यालयाला न विचारता उशीला एक हलका धक्का दिला.

पलीकडून अल्डननं ओढून घेतली.