कुटुंबप्रमुखाची संमती

बायकोचा फोन थरथरला की आधी शेजारच्या पेल्यातलं पाणी हलायचं. काठाकडून मधे सरकणारी बारीक वर्तुळं दिसायची, आणि मग आवाज कानावर यायचा. चष्मेवाले काका पेला मुद्दाम तिथेच ठेवत. हल्ली मात्र वर्तुळं धूसर झाली होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता.

सरकारी संकेतस्थळावर घराचं खातं तिनेच उघडलेलं. कुटुंबप्रमुख म्हणून स्वतःचं नाव घालून हसली होती, "इथे तरी माझा शब्द चालू दे!" तेव्हापासून पाण्याचं बिल असो की घरपट्टी, चष्मेवाले अर्ज भरायचे आणि कोड तिच्या फोनवर यायचा. ती गेल्यावरही येत राहिला. आतल्या खोलीत फोन वाजला की ते "आलो" म्हणून उठत.

परदेशातली मुलगी म्हणायची, "बाबा, नोंद करून टाका ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"करतो गं," म्हणायचे, आणि तिचा फोन चार्जिंगला लावायचे.

आता सरकारी योजनेतून होणाऱ्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नुसता कोड पुरेना. कुटुंबप्रमुखाने कॅमेऱ्यासमोर बसून संमती द्यायची होती. म्हणून सुविधा केंद्रात ही त्यांची तिसरी खेप.

"काका, आजही एकटेच?" खिडकीतली मुलगी म्हणाली. "काकूंना आणणार होतात ना?"

"तिला नाही जमलं."

"रुसल्यात का? मी येऊ समजूत काढायला?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. चष्मेवालेही हसले. सवयीने खिशातल्या तिच्या फोनवर त्यांचा हात गेला.

"काका, आज मुदत संपतेय. अर्ज बंद झाला की शस्त्रक्रियेची तारीखही गेली. मग पुन्हा पहिल्यापासून." तिने पडदा दोघांना दिसेल असा वळवला. "आणि बंद करताना मला कारण निवडावं लागतं. लोकांचं ऑनलाइन घोडं कुठे अडतं ते वरच्यांना हवं असतं. सांगा, इंटरनेट नाही?"

"आहे की. चांगलं चालतं."

"वापरायला अवघड जातं?"

"छे. तिने सगळं शिकवलंय."

"माहिती द्यायची भीती वाटते? सरकारवर भरवसा नाही?"

"तसं काही नाही."

"मग काका, ह्यात तुमचं कारणच नाही हो!" तिने हात टेकले. "काय लिहू?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. काही फरक पडला नाही. पडद्यावर बायकोच्या फोटोच्या जागी फिकट डाग होता आणि त्याखाली हिरवा ठिपका. त्या ठिपक्याचा अर्थ मागच्या खेपेला ह्याच मुलीने वाचून सांगितला होता: सदस्य हयात.

"लवकर सांगा ना. मागे लोक खोळंबलेत."

"ती येणार नाही, बाळ," चष्मेवाले म्हणाले. "ती गेली. मागच्या वर्षीच. तशी नोंद कर."