चंदेरी कुदळ आणि भाग्योदय लेआउटचं गटार

मी एक कुदळ आहे. तुम्ही मला पाहिलं असेल. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पाच-सहा जण मिळून मला धरून उभे असतात. ते सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, मी एकटी जमिनीकडे. फोटोखाली त्यांची नावं छापतात, हुद्द्यासकट. माझं नाव कधी कुणी छापलं नाही. तेव्हा आज मीच बोलते.

माझा जन्म कामठीचा. रामाजी लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवलं. पाणी पाजलं, टोकावरून अंगठा फिरवला आणि बायकोला म्हणाला, "हे कुदळ मुरूम काय, दगडही खाईन." भट्टीशेजारी पडल्या पडल्या मी मोठी स्वप्नं पाहिली. विहीर खोदायची, घराचा पाया खोदायचा. अगदीच काही नाही तर लिंबाचं आळं.

मला विकत घेतलं नागपूरच्या गिरिधर मंडपवाल्याने. दुकानात नेल्याबरोबर त्याने मला चंदेरी रंग फासला, दांड्यावर लाल मखमल चिकटवली आणि एका लाकडी पेटीत झोपवलं. पेटीत माझ्या शेजारी उद्घाटनाची कात्री होती. ती माझ्यापेक्षा नशीबवान. तिला निदान फीत कापायला मिळते.

मी भूमिपूजनाची कुदळ झाले होते.

पहिल्या कार्यक्रमाला मी फार आतुर होते. आम्ही पोचण्याआधी एका मजुराने दुसऱ्या, काळ्या, टोक झिजलेल्या कुदळीने वीतभर माती मोकळी करून ठेवली होती. पाहुण्यांच्या मनगटाला झटका बसू नये म्हणून. मग अंकुशभाऊ आले. भाऊ सत्तेतल्या पक्षाचे. तो पक्ष दिल्लीतही तोच आणि मुंबईतही तोच. त्यांच्या फलकावर एका बाजूला विकास आणि दुसऱ्या बाजूला संस्कार असं लिहिलेलं असे, आणि मधली सगळी जागा भाऊंच्या चेहऱ्याला. मध्ये बरीच वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही, तेव्हा भाऊ एकाच फलकावर माजी नगरसेवकही होते आणि भावी नगरसेवकही. आज काय आहेत, ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

भाऊंनी नारळ फोडला, मला उचललं, मोकळ्या मातीत तीनदा टेकवलं. फोटो झाला. गिरिधरने मला फडक्याने पुसून पेटीत ठेवलं.

मला वाटलं, ही सुरुवात असेल. पण तेवढंच काम होतं.

अशी किती भूमिपूजनं केली ते आठवत नाही. पण भाग्योदय लेआउटची आठवी गल्ली आठवते, कारण तिथे मी एकाच गटारासाठी तीनदा गेले. एकदा लोकसभेच्या आधी, एकदा विधानसभेच्या आधी आणि एकदा महापालिकेच्या. जागाही तीच, विजेच्या वाकलेल्या खांबाशेजारची.

त्या गल्लीत गोपाळराव राहत. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पहिल्या रांगेतली खुर्ची ठरलेली. घरातली तिसरी पिढी पक्षाला मत देते, हे ते ओळख करून देताना आडनावाआधी सांगत. पहिल्या भूमिपूजनाला त्यांनी भाऊंना हार घातला. दुसऱ्याला हार घालून झाल्यावर शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "दारात घाण पाणी तुंबलंय. नाक धरून जेवतो आम्ही."

शेजारी होते धम्मानंद. खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. त्यांनी या पक्षाला कधी मत दिलं नव्हतं आणि तेही ते तितक्याच अभिमानाने सांगत.

"मग हार काहून घातला जी?" त्यांनी विचारलं.

"वरची माणसं चांगली आहेत हो. खालचे काम करत नाहीत."

"गोपाळराव, गटरही वरूनच खाली वाहते."

गोपाळराव रागावले. "पर्याय आहे का दुसरा? सांगा, आहे का?" असं म्हणून त्यांनी बशीतला खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. धम्मानंदांनीही टाकला. खोबऱ्याच्या बाबतीत गल्लीत मतभेद नव्हते.

मी पुष्कळ गल्ल्या पाहिल्या, सगळीकडे साधारण हेच. माणसं घरात शिव्या देत, दारात नमस्कार करत आणि मंडपात टाळ्या वाजवत. विरोधकही येत, कोपऱ्यात उभे राहून हसत आणि समोसा खाऊन जात. सगळ्यांना सगळं कळत होतं. खुर्च्या मात्र भरलेल्याच असत.

त्या गल्लीच्या सगळ्यात खालच्या टोकाला बायजाबाईंचं घर होतं. नवरा नव्हता. त्या शिकणाऱ्या मुला-मुलींचे डबे करत. वरच्या घरांचं सांडपाणी उतरत उतरत त्यांच्या अंगणात येऊन थांबे, आणि त्या वर्षी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागलं. वासामुळे डबेवाली पोरं एकेक करून दुसरीकडे गेली. धरमपेठेतल्या वसतिगृहाने तर सगळे डबे एकदम बंद केले. तिथली चिन्मयी नावाची मुलगी ते सांगायला आली, तेव्हा तिलाच रडू येत होतं. "काकू, तुमच्या हाताला नाव नाही ठेवत कोणी. पण मॅडम येऊन बघून गेल्या."

बायजाबाई तिला म्हणाल्या, "तू कायले रडतं वं? बस, वरणफळं खाऊन जाय."

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त एवढं पाहिलं की तिसऱ्या भूमिपूजनाला एक बाई शेवटच्या रांगेत उभी आहे आणि टाळ्या वाजवत नाही.

मार्चमधला रविवार होता, सकाळचे दहा. भाऊ म्हणाले, "येत्या पंधरा दिवसांत काम सुरू होईल." हे वाक्य मला पाठ होतं. मी माझ्या तीन टेकण्या टेकल्या. गिरिधर फडकं घेऊन पुढे आला, तेवढ्यात त्या बाईने माझा दांडा धरला.

"हे राहू द्या इथंच," बायजाबाई म्हणाल्या. "काम सुरू झालं की घेऊन जा."

गिरिधर हसला. "अवं बाई, ही पूजेची कुदळ होय. खोदाची नोहे."

"मग खोदाची कोणती?"

"ते ठेकेदार आणन."

"ठेकेदार कुठी हाय?"

गिरिधरने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मोबाइलकडे पाहिलं. मंडपात कुणीतरी फिसकन हसलं.

बायजाबाईंनी पदर खोचला, मला डोक्यावर उचललं आणि खाली आणलं.

मोकळी माती वीतभरच होती. तिच्याखालच्या घट्ट काळ्या मातीवर मी आदळले आणि टोकापासून दांड्यापर्यंत थरारले. चंदेरी रंगाचे पापुद्रे उडाले. दुसऱ्या घावाला मखमल निसटली. खरं सांगते, मला दुखलं. इतकी वर्षं पेटीत झोपलेल्या अंगाला दुखणारच. पण तिसऱ्या घावाला मातीचं ढेकूळ उखडून बाजूला पडलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी कुदळ आहे.

"बाई भडकली," म्हणत भाऊ गाडीत बसले. त्यांना अजून दोन भूमिपूजनं होती. मंडप रिकामा झाला. माणसं आपापल्या गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि तिथून सल्ले द्यायला लागली.

गोपाळराव मात्र जागेवरच होते. "बायजाबाई, परवानगी लागते याला. अर्ज करावा लागतो."

"तुमीच केले ना जी अर्ज? किती केले?"

"अकरा," गोपाळराव म्हणाले.

धम्मानंद घरात गेले आणि उतार मोजायची, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन आले. "असं आंधळ्यासारखं नका खोदू, ताई. उतार चुकला तर सगळं पाणी परत तुमच्याच चुलीत येईन." त्यांनी नळीचं एक टोक खांबापाशी धरलं. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ते गोपाळरावांकडे बघत राहिले.

गोपाळरावांनी बाह्या दुमडल्या. "हे पक्षाच्या विरोधात नाही, हे लक्षात ठेवा," ते म्हणाले.

"नळी धरा, गोपाळराव. नळीले पक्ष नसते."

चार दिवस काम चाललं. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीतली माणसंही उतरली, कुणी फावडं घेऊन, कुणी घमेलं घेऊन. मला मात्र बायजाबाई, धम्मानंद आणि गोपाळराव या तिघांनीच आळीपाळीने चालवलं. काळ्या मातीखाली मुरूम लागला आणि मी तो खाल्ला. वर्गणीतून पाइप आले. गोपाळराव आणि धम्मानंद पूर्ण चार दिवस भांडत होते. पक्षाने देशाची मान उंचावली की नाही, यावर एकजण खड्ड्यातून बोले आणि दुसरा काठावरून. दुपारी जेवायला दोघे बायजाबाईंच्या ओसरीवर शेजारी शेजारी बसत, तेवढा वेळ शांतता असे.

चौथ्या दिवशी पाइप खालच्या रस्त्यावरच्या मोठ्या चेंबरला जोडला. अंगणातलं काळं पाणी आधी नुसतं हललं, मग गोल फिरलं आणि गडगडत निघून गेलं. बायजाबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. मग उठल्या आणि अंगण घासायला लागल्या.

पाचव्या दिवशी नोटीस आली. विनापरवाना खोदकाम.

सहाव्या दिवशी भाऊंचा माणूस आला. म्हणाला, नोटिशीचं भाऊ बघून घेतील. फक्त रविवारी छोटासा लोकार्पण सोहळा होईल. फलक छापून तयार होता: 'अंकुशभाऊंच्या अथक प्रयत्नांतून साकारलेली गटारलाइन'.

धम्मानंद खवळले. "फाडून टाकू." बायजाबाईंना नोटिशीची भीती होती. पोलीस दारात आले असते तर उरलेले डबेही गेले असते. "करू द्या त्याइले," त्या म्हणाल्या. "पाणी वाहून राहिलं ना? नाव लागू द्या कोणाचंही."

रविवारी मंडप पडला. खुर्च्या भरल्या. माझ्या जुन्या मैत्रिणीने, त्या कात्रीने, फीत कापली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. होय, ज्यांच्या हाताला फोड आले होते त्यांनीसुद्धा. मला तर कळेना, हसावं की कुणाच्या पायावर पडावं.

मग ज्येष्ठ नागरिक म्हणून गोपाळरावांना बोलायला सांगितलं. त्यांच्या गळ्यात हार आणि पक्षाचा दुपट्टा घातला. भाऊंच्या माणसाने लिहून दिलेला कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तो वाचायला घेतला, पहिली ओळ वाचली, चष्मा काढला.

"मी पक्षाचा माणूस आहे," ते म्हणाले. "म्हणून खोटं बोलायची मला लाज वाटते. हे गटार बायजाबाईंनी खोदलं. पक्षाने इथे तीन नारळ फोडले. तिन्ही वेळा मी हार घातला आणि खोबरं खाल्लं. पाणी तुंबवण्यात माझाही हात आहे."

भाऊ हसतच होते, कारण कॅमेरा सुरू होता. गोपाळरावांनी दुपट्टा काढला, नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवला. फेकला नाही. मग ते बायजाबाईंकडे गेले आणि आपला हार त्यांच्या हातात दिला. बायजाबाई इतक्या लाजल्या की पळून घरात गेल्या.

नोटीस पुढे कुणी चालवली नाही. फलकाच्या फोटोत गटार कायदेशीर दिसत होतं.

तुम्हाला वाटेल, भाऊ पडले असतील. नाही. भाऊ निवडून आले, आणि चांगले आले. मतदानाच्या दिवशी गोपाळराव केंद्रातून परतले, तेव्हा धम्मानंदांनी फाटकातच अडवलं. "काय केलं जी?"

"मत गुप्त असतं."

"तोंड पाहून समजलं."

"मग कशाला विचारता?" गोपाळराव भडकले, आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "सवय आहे हो. यावेळी बटण दाबायच्या आधी सगळी यादी दोनदा वाचली, एवढं मात्र सांगतो."

धम्मानंदांनी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली.

गिरिधरने मला परत मागितलं नाही. त्याने नवी आणली आहे, पोकळ, हलकी, सोनेरी. म्हणतात, एका बोटाने उचलता येते. मी बायजाबाईंच्या ओसरीवर असते. चंदेरी रंग कुठे कुठे राहिलाय, टोक बोथट झालंय. चिन्मयी पुन्हा डबा नेते.

काल दुपारी सहाव्या गल्लीतून एक बाई आली. भैरवी तिचं नाव, शाळेत शिकवते. म्हणाली, "काकू, आमच्याकडे मागच्या महिन्यात नारळ फुटला. कुदळ मिळेल का?"

बायजाबाईंनी मला तिच्या हातात दिलं. गोपाळराव शेजारच्या कट्ट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपरवरून पाहिलं. "पक्षावर टीका खपवून घेणार नाही," त्यांनी आधीच बजावलं, आणि उठून चप्पल शोधायला लागले.

मी आता जाते. बाबांनो, तुम्ही कुणालाही मत द्या, मला त्यातलं कळत नाही. पण तुमच्या गल्लीत माझ्यासारखी कुणी रंगवलेली, नटवलेली आली, तर तिला पेटीत परत जाऊ देऊ नका. तिला फार वर्षं भूक लागलेली असते.